अधिवेशनापूर्वीची यादी

विधिमंडळाच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की मुंबईच्या वृत्तपत्रांत चहापान, त्यावरील बहिष्कार आणि विधान भवनाच्या पायऱ्यांवरील घोषणा यांची चर्चा रंगू लागते, परंतु त्याच सुमारास खानदेशातील शिंदखेड्याच्या तहसील कचेरीसमोर, मुद्रांक-विक्रेत्याच्या टेबलाशी दस्त लिहून घेण्यासाठी थांबलेल्या मंडळींत जो प्रश्न निघतो तो अगदी साधा असतो, आणि तो अहिराणीतूनच विचारला जातो : "आप्पा, गुंठाना कायदा व्हयना का?" विचारणाऱ्या गृहस्थाने गावाच्या कडेला पूर्वी केव्हातरी दोन गुंठे जागा घेतलेली असते, पैसे चुकते केलेले असतात, वर घर बांधून वर्षानुवर्षे घरपट्टीही भरलेली असते, उणीव एवढीच, की सातबाऱ्यावर अद्याप मूळ मालकाचेच नाव झळकत असते आणि बँक त्या घरावर कर्ज देण्यास तयार नसते. या गृहस्थास हवे असलेले उत्तर सभागृहातील भाषणांत क्वचितच मिळते. ते मिळण्याचे खरे ठिकाण म्हणजे अधिवेशनाच्या तोंडावर सरकार जाहीर करीत असलेली विधेयकांची यादी, आणि कायद्याचे भवितव्य पुष्कळ अंशी ती यादी सिद्ध होत असतानाच ठरून गेलेले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

राज्यघटनेच्या १७४ व्या अनुच्छेदाने राज्यपालांस सभागृहे बोलावण्याचा अधिकार दिला आहे आणि दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, एवढे बंधन घातले आहे. तारीख मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरते, आणि कोणत्या दिवशी कोणते कामकाज घ्यावयाचे ते कामकाज सल्लागार समितीत निश्चित होते. महाराष्ट्रात वर्षातून तीन अधिवेशनांचा शिरस्ता आहे : वर्षारंभीचे अर्थसंकल्पीय आणि नंतरचे पावसाळी ही दोन मुंबईस, व हिवाळी नागपुरास. नागपूरची ही प्रथा २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराशी निगडित आहे. विदर्भाच्या जनतेस आपले गाऱ्हाणे राजधानीच्या शहरी जाऊन मांडण्याची यातायात पडू नये, हा तिचा हेतू होता. करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी हे अधिवेशन मुंबईतच उरकण्यात आले. विदर्भाची सोय झाली हे खरे. खानदेशच्या मनुष्यास मात्र मुंबई आणि नागपूर ही दोन्ही गावे सारखीच लांबची. अधिवेशनांची लांबी तर दिवसेंदिवस आखूड होत चालली आहे. २०२४ सालचे नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ सालचे ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे जेमतेम एकेक आठवड्याचे होते. एवढ्या अवधीत प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना, पुरवणी मागण्या आणि त्यांवरील चर्चा आटोपून जो वेळ उरतो त्यात विधेयके निकालात काढावयाची असतात. साहजिकच खोल विचार व्हावयाचा असेल तर तो आधीच झालेला असावा लागतो.

तो कोठे होतो? विधेयकाचा उगम बहुधा एखाद्या खात्याच्या दफ्तरी असतो. महसूल, सहकार, नगरविकास यांपैकी कोणत्या तरी विभागास चालू कायद्यातील एखादे कलम अडचणीचे होते, न्यायालयाचा निकाल विरुद्ध जातो, किंवा मंत्र्यांनी सभेत दिलेले आश्वासन पुरे करावयाचे असते. मग त्या विभागात टिप्पणी तयार होते, खर्चाची बाब असल्यास ती वित्त विभागाकडे जाते, आणि मसुद्याचे काम विधि व न्याय विभागाच्या हाती येते. मंत्र्याने जे दोन वाक्यांत सांगितले ते पंधरा कलमांत बसविताना जुन्या कायद्यातील कोणते शब्द वगळले जातात आणि कोणते नवे घातले जातात, यावर सामान्य माणसाचे नफा-नुकसान अवलंबून असते. आणि हे काम करणारे अधिकारी जनतेस नावानेही ठाऊक नसतात. मसुदा मंत्रिमंडळापुढे जातो, तेथे संमत झाला म्हणजे यादीत त्याचे नाव चढते. यादीत तीन जातींची विधेयके एकत्र नांदत असतात : जी मागील अधिवेशनापासून प्रलंबित आहेत ती, जी मधल्या काळात निघालेल्या अध्यादेशांची जागा घेण्यासाठी आणावयाची आहेत ती, आणि जी संपूर्णपणे नवी आहेत ती. यादी वाचणाऱ्याने प्रथम ही जात ओळखावी, कारण तिच्यावरून विधेयकाची निकड आणि ते संमत होण्याची शक्यता या दोहोंचा अंदाज बांधता येतो.

विधेयकाची छापील प्रत ज्याने हाती घेतली नाही त्यास ती भयप्रद वाटण्याचा संभव आहे. वर सभागृहाचे नाव व विधेयकाचा क्रमांक, मग "ज्याअर्थी" ने सुरू होणारे प्रास्ताविक, नंतर क्रमांकित खंड, आणि प्रत्येक खंडाच्या समासात त्याचा विषय सांगणारी बारीक अक्षरांतील टीप. सुधारणा विधेयक असेल तर मजकूर आणखी दुर्बोध होतो. "कलम अमुकमधील तमुक या मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल" एवढेच लिहिलेले असते, आणि मूळ कायदा शेजारी उघडून ठेवल्यावाचून त्याचा काही बोध होत नाही. अनुभवी वाचक म्हणून पाने उलटी उलटतो. शेवटी "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असते. सरकारला हा कायदा का हवा, ते येथे बऱ्याच सरळ भाषेत दिलेले असते. त्यानंतर वित्तीय ज्ञापन आणि वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन येते. हे दुसरे ज्ञापन लोक वाचीतच नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत आधी वाचावयाचा मजकूर तोच. कारण कायद्यातील कोणत्या गोष्टी सभागृहाने स्वतः न ठरविता नियमांच्या, म्हणजे पुन्हा त्याच खात्याच्या, हवाली केल्या आहेत त्याची कबुली तेथे दिलेली असते.

आता गुंठ्याच्या कायद्याकडे वळू. १९४७ साली मुंबई प्रांताने जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व विखुरलेल्या जमिनींचे एकत्रीकरण करणारा कायदा केला. लोक त्यास तुकडेबंदी म्हणतात. वाटण्या होता होता शेत एवढे लहान होऊ नये की त्यावर औत फिरविणेही परवडू नये, हा त्यामागील विचार शेतीच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यास बंदी झाली आणि तसा व्यवहार झालाच तर तो निषिद्ध ठरला. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे असे खाली आणले. परंतु गावे वाढली ती शेतांवरच. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा यांसारख्या ठिकाणी रेल्वे, बाजारपेठ किंवा औद्योगिक वसाहत यांच्या आश्रयाने आलेल्या कुटुंबास राहण्यासाठी वीस गुंठे नको असतात, दोन पुरेसे असतात; बिनशेतीची परवानगी व मंजूर रेखांकन यांचा खर्च विकणाराही टाळतो आणि घेणाराही. मग साध्या मुद्रांकावर साठेखत होते, ताबा दिला जातो, आणि कायद्याच्या दृष्टीने जो व्यवहार झालाच नाही त्यावर वीट चढत जाते. फेरफारासाठी अर्ज केला तर मंडळ अधिकारी तुकडेबंदीकडे बोट दाखवून तो नामंजूर करतो. त्याचाही दोष नसतो.

सरकारने ही गाठ तीन खेपांत सैल केली आहे. २०१७ च्या सुधारणेने असे जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करण्याची वाट खुली केली. परंतु ज्याने पै-पै जमवून घर बांधले त्यास पंचवीस टक्के झेपणे अवघड, म्हणून फारसे कोणी पुढे आले नाही. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी अध्यादेश काढून ती रक्कम ५ टक्क्यांवर आणण्यात आली. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी निवासी वस्तीतील एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे मोकळे करण्याची घोषणा केली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश निघून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील व्यवहार शुल्कावाचून नियमित करण्याची तरतूद झाली. त्याची जागा घेणारे विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत आले, ते यामुळेच.

वाचकाच्या ध्यानात येईल, की जुलैमधील घोषणा, नोव्हेंबरमधील अध्यादेश आणि डिसेंबरमधील विधेयक या तीन गोष्टी वृत्तपत्रांत एकाच मथळ्याखाली आल्या, "तुकडेबंदी रद्द", आणि तिन्ही वेळा शिंदखेड्यात पेढे वाटले गेले असल्यास नवल नाही. वस्तुतः घोषणेस कायद्याचे बळ मुळीच नव्हते. अध्यादेशास होते, परंतु मुदतीचे. शिवाय ही सवलत वस्तीसाठी आहे, शेतीसाठी नव्हे. नगर पंचायतीच्या हद्दीत घर बांधून बसलेल्या माणसाचा प्रश्न तिने सुटेल. भावाभावांत शेताचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान वाटे करून प्रत्येकाच्या नावे वेगळा सातबारा मागणाऱ्याचा सुटणार नाही. तेथे १९४७ चा विचार अद्याप कायम आहे, आणि तो तसा राहावा असेच मला वाटते.

अध्यादेशाविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. सभागृह बसलेले नसताना तातडीची निकड पडल्यास राज्यपालांनी अध्यादेश काढावा, अशी सवड घटनेच्या २१३ व्या अनुच्छेदाने दिली आहे. मात्र अधिवेशन भरताच तो सभागृहांपुढे ठेवला पाहिजे, आणि त्याची जागा कायद्याने घेतली नाही तर सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो आपोआप संपुष्टात येतो. म्हणजे अध्यादेश हा कायद्याचा तात्पुरता मुखत्यार. मालक परत आला की त्याची सत्ता संपावी. परंतु सत्ताधाऱ्यांस ही सोय इतकी रुचली की बिहारात तिचा निराळाच कारखाना निघाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी त्या राज्याची राजपत्रे चाळून असे दाखविले, की १९६७ ते १९८१ या काळात तेथील सरकारने २५६ अध्यादेश काढले, अधिवेशन आटोपले की तेच अध्यादेश पुन्हा काढले, आणि त्यांतील काही तर याप्रमाणे चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. विधानसभा भरत होती, आमदार भत्ता घेत होते, आणि राज्य अध्यादेशांवर चालले होते! वाधवा स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने असे पुनःपुन्हा अध्यादेश काढणे हा घटनेशी केलेला कपटव्यवहार होय असा निर्णय देऊन, प्राध्यापकांच्या श्रमांची दखल घेत, बिहार सरकारने त्यांस दहा हजार रुपये द्यावेत असा हुकूम केला. ग्रंथालयात बसून राजपत्रांची पाने मोजणाऱ्या एका अध्यापकाने राज्यकारभाराची एक वाट बंद केली, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयांत सांगितली जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तरीही केंद्र सरकारचा एक मोठा संकल्प याच वाटेवर अडखळला, आणि त्याचा शिंदखेडा तालुक्याशी संबंध आहे. संसदेने २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील जमिनीस बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, आणि खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के जमीनधारकांची संमती, ही त्याची मुख्य अंगे. वर्ष संपते न संपते तोच ३१ डिसेंबर २०१४ रोजी नव्या सरकारने अध्यादेश काढून काही प्रकारच्या प्रकल्पांना संमतीच्या अटीतून वगळले. विधेयक १० मार्च २०१५ रोजी लोकसभेत संमत झाले. राज्यसभेत बहुमत नव्हते. मग ३ एप्रिलला दुसरा अध्यादेश, ३० मे रोजी तिसरा. दरम्यान विधेयक संयुक्त समितीकडे, देशभर शेतकऱ्यांचा विरोध, आणि अखेर ३१ ऑगस्ट २०१५ रोजी तिसरा अध्यादेश मुदत संपून गेला. त्याकाळी लोकसभेत सरकारपाशी भक्कम बहुमत होते. यादीत विधेयकाचे स्थान वरचे होते. तरी ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. मूळचा २०१३ चा कायदा जसाच्या तसा राहिला.

पण कायदा राहिला म्हणून त्याचा लाभ पोहोचतोच, असे मात्र नाही. याच तालुक्यातील विखरण गावची जमीन वीजप्रकल्पासाठी घेण्यात आली होती. शेजारच्या जमिनीस मिळालेल्या रकमेच्या मानाने आपणांस फारच अल्प मोबदला मिळाला, ही तक्रार घेऊन तेथील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजविले. २२ जानेवारी २०१८ रोजी मुंबईस मंत्रालयात त्यांनी विष घेतले आणि २८ जानेवारीस त्यांचा अंत झाला. त्यानंतर मूल्यांकनाची फेरतपासणी झाली. दिल्लीत कलमांवरून तीन अध्यादेश आणि दोन सभागृहांचा संघर्ष झाला. विखरणच्या शेतातील झाडे, विहीर आणि बागायत यांची मोजणी कोणी, केव्हा आणि कशी केली हा वादाचा विषय मात्र कोणत्याही विधेयकात नव्हता. तो पंचनाम्यात होता.

दुसऱ्या सभागृहाविषयी दोन शब्द. महाराष्ट्रात २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधानपरिषद आहे. परिषदेस साधे विधेयक कायमचे अडविता येत नाही. पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना एवढाच विलंब ती करू शकते, आणि धनविधेयकावर तर तिला चौदा दिवसच मिळतात. म्हणून पुष्कळांस ती शोभेची वाटते. २०१८ च्या नोव्हेंबरात मात्र तिचा वेगळा उपयोग दिसून आला. बाजार समितीच्या आवाराबाहेरील शेतमालाचा व्यापार नियंत्रणमुक्त करणारे विधेयक विधानसभेने संमत केले. नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार व व्यापारी यांनी काम बंद केले. आणि सरकारने ते विधेयक विधानपरिषदेतून मागे घेतले. दोन सभागृहांमध्ये जो थोडासा अवकाश असतो त्यात विरोध पोहोचला. हाच विषय १९६३ च्या बाजार समिती कायद्यातील सुधारणांच्या रूपाने वारंवार यादीत येत असतो, आणि दोंडाईच्याच्या बाजारात मिरची, कापूस, मका घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने त्याकडे लक्ष ठेवावे हे उचित. विशेषतः डिसेंबर २०२४ पासून पणन खाते शिंदखेडा मतदारसंघाचे आमदार जयकुमार रावल यांच्याकडे असल्याने, खात्याचा मंत्री आणि तालुक्याचा प्रतिनिधी एकच आहे. गाऱ्हाणे सांगण्यास याहून जवळचे दार सहसा मिळत नाही.

विधेयक यादीतून सभागृहात आणि तेथून थेट संमतीपर्यंत न जाता मध्येच थांबले तर ते बहुधा संयुक्त समितीकडे जाते. विशेष जनसुरक्षा विधेयकाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ते जुलै २०२४ मध्ये प्रथम मांडले गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीमुळे विधानसभा बरखास्त झाली आणि सभागृहापुढे प्रलंबित असलेले विधेयक तिच्याबरोबर लयास गेले. डिसेंबरात नव्या विधानसभेत ते पुन्हा आले व दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपविले गेले. समितीने लोकांकडून सूचना मागविल्या, त्या बारा हजारांहून अधिक आल्या. अखेरीस १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने व दुसऱ्या दिवशी परिषदेने ते संमत केले. टीकाकारांचे मुख्य आक्षेप शिल्लक राहिले आणि पुढेही त्यांवर वाद झाला. तथापि तपासाचे काम उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यासारखे बदल समितीच्या टप्प्यातच झाले. सभागृहात मतदान एका दिवसाचे होते, समितीला सहा महिने मिळाले. विधेयकाचे शब्द बदलावयाचे असतील तर ते येथेच बदलतात.

पैशाचा व्यवहार वेगळा. प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात आणि त्या संमत झाल्यावर विनियोजन विधेयक येते. जुलै २०२५ मध्ये या मागण्या ५७ हजार कोटींच्या वर आणि डिसेंबरात ७५ हजार कोटींच्या वर होत्या. अर्थसंकल्प मंजूर होऊन वर्षही उलटत नाही तोच एवढी भर घालावी लागावी, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या अंदाजास भूषणावह नाही. परंतु या मागण्यांच्या जाड पुस्तिकेत सुलवाडे-जामफळ-कनोलीसारख्या तापीच्या पाण्यावरील उपसा योजनेस काही मिळाले किंवा नाही ते पाहिल्याविना तालुक्यास अधिवेशनाचे फलित समजत नाही. खजिन्यावर लोकप्रतिनिधींचे नियंत्रण असावे ही कल्पना या भागास फुकट मिळालेली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी याच तालुक्यातील चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना लुटला, तो साडेपाच लाखांच्या घरात होता. ज्या पैशाच्या खर्चावर लोकांचा शब्द चालत नव्हता त्याचा हिशेब त्यांनी आपल्या पद्धतीने मागितला. आता तो मागण्यास मागण्यांची पुस्तिका आहे, आणि ती वाचण्यास कोणाची हरकत नाही.

विधेयक संमत झाले तरी ते कायदा झालेले नसते. राज्यपालांची संमती लागते; केंद्राच्या कायद्याशी विसंगती असेल तर ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावे लागते. महिला व बालकांवरील अत्याचारांस कठोर शिक्षा सांगणारे "शक्ती" विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले, परंतु राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. संमती मिळाली तर शासन राजपत्रात प्रसिद्धी. त्यातही "शासन नेमून देईल त्या दिनांकास अंमलात येईल" असे कलम असले तर पुढे आणखी प्रतीक्षा. आणि नियम झाल्यावाचून तहसीलदाराच्या हातात अर्जाचा नमुनाही येत नाही. या विलंबाचे सर्वांत बोलके उदाहरण रोजगार हमीचे आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांच्या आधाराने ही योजना उभी राहिली, वि. स. पागे हे तिचे प्रवर्तक, आणि ते विधानपरिषदेचे सभापती होते. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ साली हमीचा कायदा संमत झाला, आणि तो प्रत्यक्ष अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. मात्र त्या सरकारच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे : कामाचा हक्क देण्याआधी त्यासाठी कर बसविण्याचे धैर्य त्याने दाखविले. आजकालच्या याद्यांत हक्क सढळ असतात. कर शोधून सापडत नाही.

यादी जाहीर होणे आणि विधेयक हाती पडणे यांत जे अंतर असते त्याविषयी मात्र तक्रार केलीच पाहिजे. केंद्र सरकारने २०१४ साली असे धोरण ठरविले, की विधेयकाचा मसुदा मंत्रिमंडळापुढे नेण्यापूर्वी निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. ते धोरण आहे, कायदा नव्हे, आणि त्याचे पालन लहरीवर चालते. महाराष्ट्रात विधेयकाची प्रत सामान्य माणसास बहुधा ते मांडले गेल्यावरच पाहावयास मिळते, आणि एका आठवड्याच्या अधिवेशनात मांडणे व संमत होणे यांत कधी कधी दोन दिवसही जात नाहीत. सरकारने यादीबरोबरच मसुदेही, मूळ कायद्याचे कलम शेजारी छापून, पंधरा दिवस आधी प्रसिद्ध करावेत आणि त्यांची एक प्रत प्रत्येक तालुक्याच्या तहसील कचेरीत ठेवावी. यास फार खर्च येणार नाही.

तोवर वाचकाने काय करावे? यादी वृत्तपत्रात आली की आपल्याशी संबंध असलेले एक विधेयक निवडावे. ते अध्यादेशाचे असेल तर अध्यादेश राजपत्रात आधीच छापला गेलेला असतो, तो काढून पाहावा. उद्देश व कारणांचे निवेदन वाचावे, नियमांवर काय सोडले आहे ते पाहावे, आणि ज्या खंडाबद्दल आक्षेप असेल त्याचा क्रमांक घालून एका पानाचे पत्र आपल्या आमदारास, व संयुक्त समिती नेमली गेली असेल तर तिलाही, धाडावे. शिंदखेडा हा विधानसभेचा आठव्या क्रमांकाचा मतदारसंघ आहे. पत्र अधिवेशन सुरू होण्याच्या आधी पोहोचेल अशा बेताने पाठवावे. विधेयक संमत झाल्यावर पाठविलेल्या पत्राचा काही उपयोग होत नाही.